बाटलीतला गूळ

पहिली बाटली फुटली तेव्हा ह्यांच्या तोंडावरून काळा फेस ओघळत होता. त्यात रक्त किती आणि बिअर किती, तेच मला कळेना. मग दुसरी फुटली. “अगं, बघतेस काय? पोरीला घे, खाली बस!” हे ओरडले. चार वर्षांच्या लेकीला घेऊन मी टेबलाखाली शिरले.

काल ईलिंगला, नातीच्या घरी, तिनं स्वतः केलेली बिअर उघडली आणि तोच वास आला. काळ्या मनुका, दालचिनी, जायफळ. “आजी, अगदी डेझर्टसारखी झालीये, टेस्ट कर ना!” मी ग्लास नुसता धरून बसले.

तेव्हा बर्मिंगहॅमच्या आमच्या स्वयंपाकघरात ह्यांनीही ख्रिसमस पुडिंगच्या चवीची बिअर केली होती. बुचं लावण्याआधी मी चाखली, तर कडू. मी आमटीतसुद्धा गूळ घालणारी. ह्यांना न सांगता प्रत्येक बाटलीत एकेक खडा टाकला. गोडानं बाटलीत वायू वाढतो, हे मला कुठलं ठाऊक!

ह्यांच्या भुवईला चार टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला. “साखरेचं माप माझंच चुकलं,” हे म्हणाले. गुळाचं मी सांगितलं नाही. भीतीनं की लाजेनं, ते आजही सांगता येत नाही. पण पुढच्या आठवड्यात ह्यांनी न सांगता गूळ आणला आणि गुळाच्या रिकाम्या झालेल्या डब्यात भरून ठेवला. म्हणजे कळलं होतं का? मी विचारलं नाही.

आता हे नाहीत. त्या स्वयंपाकघरातल्या मी आणि लेक दोघीच उरलोय, आणि तिला काही आठवत नाही.