शून्य मतांच्या तुळसाबाई

सोमवार : आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीकडच्या एका गावी मठात मतदारांना देवापुढची हळद उचलायला लावून महाराजांच्या पुतण्यालाच मत देण्याची शपथ वदवून घेतली. जबाबदार, मठाचे महाराज. बुधवार : मतदान आणि मोजणी. जबाबदार, मतदान केंद्राचे अध्यक्ष. शुक्रवार : मंडल, म्हणजे तालुका, कार्यालयासमोर बसलेल्या बायांवर लाठ्या. जबाबदार, हुकूम देणारे फौजदार. नव्वदच्या दशकातल्या सरपंचपदाच्या निवडणुकीचा हा आठवडा. ज्यांच्यावर हे सारे गुदरले त्यांची नोंद कोणत्याही सरकारी कागदावर नीट नाही, म्हणून मी लिहीत आहे.

तुळसाबाई प्रश्न विचारून समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहत. उत्तर येईपर्यंत नजर हलवत नसत. ज्वारी-कापसाची शेती एकट्याच करीत. मी आदिलाबादच्या कोर्टातला निवृत्त पेशकार, म्हणजे न्यायाधीशांपुढे कागद ठेवणारा कारकून. लोकांचे अर्ज लिहून देत असे. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "पेशकारसाब, सरपंच कोन होईल हे महाराजच सांगतेत. मंग सरकार पेटी काऊन पाठवते?"

त्या गावात लग्नाचा मुहूर्त, विहिरीचे पाणी, कोणाच्या पंगतीला कोणी बसायचे, सारे मठ ठरवी. मठाने वाळीत टाकलेल्याशी सख्खा भाऊ बोलत नसे. तुळसाबाईंनी उमेदवारी अर्ज भरला आणि हळद उचलली नाही. महाराजांनी सगळ्यांदेखत विचारले, "देवापेक्षा मोठी झालीस का?"

"नाई जी. पन देवाचं नाव मतदार यादीत नाई, मी वाचून घेतली."

लोक हसले, आणि हसल्याबद्दल घाबरले.

मोजणीच्या वेळी त्यांचा प्रतिनिधी म्हणून मी आत असायला हवा होतो. नियम तसा आहे. आम्हा दोघांनाही शाळेच्या व्हरांड्यात काढले. मग अध्यक्षांनी दारात येऊन निकाल वाचला, "तुळसाबाई, शून्य."

"साब, बाकीच्यायचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी सोता माह्या चिन्हावर शिक्का मारला. थो कुठं गेला?"

अध्यक्ष आत गेले आणि दार लोटून घेतले. कोर्टात मी आयुष्यभर खोट्या साक्षी ऐकल्या, पण इतके उघडे असत्य सरकारी तोंडून ऐकण्याची वेळ आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा दीर गंगाराम मागच्या दाराने माझ्याकडे आला. "साब, मी वयनीलेच मत देल्लं."

"मग प्रतिज्ञापत्रावर अंगठा दे."

"नाई नाई! हळद उचलली होती मी. कबूल केलं त शपथ मोडली असं होते. पोरीचं लग्न ठरलं हाये, साब."

पाठोपाठ आणखी दहा जण आले. सगळ्यांनी तेच सांगितले. अंगठा एकानेही दिला नाही. चोरी सिद्ध करायची तर साक्षीदाराने आधी स्वतःला देवाचा गुन्हेगार ठरवायचे! मी तुळसाबाईंना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "कायदा तुमचा जाडा हाये, साब. पन भेकडायच्या भरोशावर उभा हाये."

शुक्रवारी तुळसाबाई वीसेक बाया घेऊन मंडल कार्यालयासमोर रस्त्यावर बसल्या. फौजदार ओरडले, "उठा!" त्या म्हणाल्या, "जवाब भेटला का उठतो." लाठी उजव्या मनगटावर बसली, हाड मोडले. निकालाविरुद्ध कोर्टात केलेल्या अर्जावर त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दिला. साक्षीदार नाही, म्हणून अर्ज फेटाळला गेला.

काही वर्षांनी त्या वारल्या. खांदा द्यायचा नाही, असे मठाने बजावले होते. तरीही गंगारामने दिला. अग्नी देण्याआधी तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "वयनी, माहं मत तुले होतं." मग मागून एक बाई म्हणाली, "माहंही." मग एक म्हातारा. मी मोजू लागलो. माझ्याकडे आलेल्या अकरांच्या कितीतरी पुढे गेलो आणि मोजणे सोडले. पुन्हा अर्ज करण्याची मुदत केव्हाच संपली होती.

मुदत दाद मागणाऱ्याला असते. उत्तर देणाऱ्याला ती लागू नाही. तेव्हाचे केंद्राध्यक्ष आज निवृत्तिवेतन घेत आहेत. माझी त्यांच्याकडे मागणी आहे : दिवसाढवळ्या त्या गावच्या चौकात उभे राहा, आणि त्या मतपत्रिका कोणाच्या हुकमाने, कोणाच्या हाताने नाहीशा केल्या, हे नावे घेऊन सांगा.