लेफ्टनंट हारग्रोव्ह व इतर नऊ

तुमचं नाव आयुष्यात कधी 'व इतर'मध्ये गेलं आहे का? लगेच नाही म्हणू नका. नीट आठवा. सतरंज्या तुम्ही अंथरल्या, माइकवाल्याशी भांडण तुम्ही केलं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'या वेळी अमुकराव, तमुकराव व इतर उपस्थित होते.'

सुभाष गजभियेचा तर तो कायमचा पत्ताच होता. नागपूरच्या इंदोऱ्यातला माणूस. दहावी नापास, एसटीच्या वर्कशॉपमध्ये बसच्या सांगाड्यावर पत्रे ठोकणारा. पण भाषणाला उभा राहिला की दोन पीएचडीवाल्यांना पाणी पाजेल, असं त्याचं स्वतःचं मत. हे मत दुसऱ्या कुणाचं असल्याचा पुरावा नाही. मोर्चात सगळ्यांत पुढे, सत्कारात 'व इतर'. पहिलं नाव एकदाच लागलं, तेही पोलीस केसमध्ये: 'सुभाष गजभिये व इतर'. त्याची छाती अशी फुगली की बायको जाईबाई म्हणाली, "अवो, जामिनाचं पाहा आधी."

रिटायर झाल्यावर लेक प्रणितानं दोघांना अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला आणलं. ती गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. आता मिशिगनच्या गवतात चळवळ कुठे करणार? सुभाषनं तरी केली. बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांवर सोसायटीनं हरकत घेतली, तेव्हा त्यानं अंगणात निषेध सभा बोलावली. सभेला एकटी जाईबाई आली, तीही कपडे काढायला.

शेवटी प्रणिता वैतागली आणि त्याला तासाभरावरच्या एका विमानसंग्रहालयात घेऊन गेली. तिथे काही रिटायर्ड लोक दर शनिवारी महायुद्धातल्या एका प्रचंड बॉम्बफेकी विमानाचा पुढचा भाग नीट करत बसायचे. त्यांचा म्होरक्या डेल कोवाल्स्की. त्यानं विचारलं, पत्रे जोडणारे रिव्हेट मारता येतात का? सुभाष म्हणाला, "तुझ्या जन्माआधीपासून." डेल त्याच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा होता.

पुढच्या शनिवारी गेला तर डेल त्याचेच रिव्हेट ड्रिलनं काढत बसला होता. एसटीच्या बसला चालतात तशी त्यांची डोकी वर आली होती. विमानाला पत्र्यात बुडलेले लागतात, वारा अडता कामा नये.

"अबे, हे काय आता उडणार आहे का?" सुभाष भडकला. प्रणितानं 'अबे' सोडून भाषांतर केलं.

"नाही उडणार," डेल म्हणाला. "पण पुरुष युद्धावर गेल्यावर ज्या बायांनी ते बनवलं, त्यांनी असेच मारले होते."

सुभाषनं दुसरं ड्रिल उचललं आणि आपले उरलेले रिव्हेट आपणच काढले. असं क्वचित होतं, म्हणून सांगितलं.

विमानाचं नाव 'डस्टी हॅना'. म्हणजे खरी हॅना राहिलीच नव्हती, हा तिच्याच बनावटीचा दुसरा सांगाडा, तिच्या आठवणीत रंगवलेला. खरी हॅना १९४३ साली मिशिगनमध्ये तयार झाली. ब्राझील, आफ्रिका, अरबस्तान करत बंगालात पोहोचली आणि तिथल्या धुळीनं 'डस्टी' झाली. तिथून ब्रह्मदेशात जायचं, जपान्यांचे रेल्वेपूल पाडायचे आणि जेवायला परत यायचं, हे तिचं काम. ४४च्या ऑक्टोबरात ती एका पुलावरून परत येत असताना तिचं एक इंजिन पेटलेलं सोबतच्या विमानातून दिसलं. मग ढग आले. बाकीची विमानं ढगातून बाहेर पडली, हॅना पडली नाही. खाली बंगालचा उपसागर. आत दहा माणसं. पुढे ना पत्रा सापडला ना माणूस.

सुभाषला हॅना जवळची वाटू लागली. आपण नागपूरहून मिशिगनला आलो, ही मिशिगनहून आपल्याकडे गेली ती तिकडचीच झाली. तेही व्हिसाशिवाय.

एक दिवस त्यानं प्रणिताकडून तिथली पाटी वाचून घेतली. 'लेफ्टनंट वॉल्टर हारग्रोव्ह आणि त्यांचे नऊ सहकारी.' दर मे महिन्यात मेमोरियल डेला, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, हेच वाक्य वाचून एकदा घंटा वाजवायची आणि सगळ्यांनी कॉफी प्यायची, असा रिवाज होता.

सुभाषचं डोकं सणकलं. "नऊ कोण? त्यांना आईबापानं नावं नाही ठेवले?"

"नावं आहेत की," डेल म्हणाला. "पण क्रू पायलटच्या नावानं ओळखतात. पद्धतच आहे तशी."

पद्धतच आहे! हे वाक्य सुभाषच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. वर तो दर एक जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभापाशी उभा राहून दगडावरची नावं मोठ्यानं वाचणारा माणूस. मागची गर्दी ढकलायची, "काका, सरका ना," पण शेवटच्या नावापर्यंत हा हलायचा नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजाला शिपायांची नावं दगडावर कोरता आली आणि यांना एका पाटीवर दहा मावत नाहीत?

डेल म्हणाला, मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी सगळे जमतात, तेव्हा मांड तुझं म्हणणं.

झालं. सुभाषला सभा मिळाली. आठवडाभर तो आंघोळ करताना भाषण करत होता.

नुसती नावं मागितली असती तर तो सुभाष कसला? त्यानं सिद्धांत तयार केला. हे विमान म्हणजे आपलं गाव आहे. वर काचेच्या घरात बसलेला पायलट म्हणजे पाटील. आणि विमानाच्या पोटाखाली तो काचेचा गोळा लोंबतो, ज्यात एक माणूस गुडघे छातीशी घेऊन बंदुकीमागे बसतो, तो आपला वेसकर! गाव राखायचं त्यानं आणि राहायचं गावाबाहेर. पॅराशूट घालून बसायलाही जागा नाही. त्या गोळ्यातल्या माणसाचं नाव रॉबर्ट विन्थ्रॉप. सुभाषनं त्याला मनातल्या मनात जवळच केलं. रॉबर्ट, आपला माणूस.

शनिवारी तो बोलला, हात उंचावून, टेबलावर थाप मारून. प्रणिता शेजारी उभी राहून इंग्रजी करत होती. त्याच्या दहा वाक्यांचं तिचं एक व्हायचं.

"एवढंच?" तो कुजबुजला.

"बाबा, प्लीज. वेसकरला इंग्लिशमध्ये काय म्हणू मी?"

"गरिबाला खाली लटकवला आणि नावही खाल्लं, असं सांग."

तिनं सांगितलं. सुभाषला वाटलं, बाण लागला. तेवढ्यात पुढच्या खुर्चीतली अठ्ठ्याऐंशी वर्षांची ॲर्लीन खुदकन हसली. ती पायलट हारग्रोव्हची सख्खी भाची.

"बॉबी विन्थ्रॉप? गरीब? अहो, त्याच्या बापाची बँक होती! सुट्टीत मामा नि तो आमच्याकडे आले ते बॉबीच्या गाडीतून. एवढी मोठी गाडी आमच्या गल्लीत कुणी पाहिली नव्हती. त्याला खाली बसवला कारण तो एवढासा होता." तिनं खांद्याएवढा हात धरला. "गरीब होता तो माझा मामा वॉल्ट. कोळशाच्या खाणीवरच्या झोपडीत वाढला. सैन्यात गेला तेव्हा पहिल्यांदा नवे बूट पायात घातले त्यानं."

प्रणितानं हे मात्र शब्दन्‌शब्द मराठीत केलं. लेकीचा इमानदारपणा कुठे जागा होईल, सांगता येत नाही.

सुभाषनं टोपी उचलली आणि तडक गाडीत जाऊन बसला. सीट बेल्टसुद्धा लावला.

बऱ्याच वेळानं प्रणिता आली. "बाबा, ते हो म्हणाले. ॲर्लीन म्हणाली, मामा काही एकटा उडाला नव्हता, दहाही नावं वाचा. आणि सोमवारी तुम्हीच वाचायची आहेत."

"मी? बँकवाल्याच्या पोरासाठी? जन्मभर पहिल्या रांगेत बसले असतील ते लोक. राहू दे एकदा 'इतर'मध्ये."

घरी जाईबाईनं सगळी कहाणी ऐकली आणि पदर तोंडाला लावून डोळ्यांत पाणी येईतो हसली. "बँकेच्या मालकाले वेसकर केलं! अवो, नागपुरात सांगू नका, पार्टीतून काढतील."

"हस, हस."

"हसू नको तर काय? आणि आता नाव नाही वाचत म्हणता? आपला असला तर नाव, नसला तर 'इतर'. मंग ते पेपरवाले काय वेगळं करत होते?"

सुभाष गॅरेजमध्ये गेला आणि उगाच पाने जागेवर लावत बसला. जाईबाई बरोबर असली की त्याला हत्यारं आवरायची फार घाई होते.

सोमवारी तो निळा कोट घालून उभा राहिला. प्रणितानं नावं मोठ्या देवनागरीत लिहून दिली होती. खुर्च्यांत डेल, ॲर्लीन, काही नातवंडं, पुतणे. त्यानं कोरेगावचा आवाज लावला, ज्याला माइक लागत नाही. दर नावाला कुणीतरी चूक काढायचं. "कल्लाहान!" म्हटलं की मागून, "कॅलहॅन." "ओस्त्रोव्हस्की!" म्हटलं की डेल, "ऑस्ट्रॉफ्स्की." एरवी सुभाषनं भांडण काढलं असतं. पण गेली दोन वर्षं हेच लोक त्याला 'सूबॅश' म्हणत होते, हिशेब फिटत होता. "रॉबर्ट विन्थ्रॉप!" तो जरा जास्तच जोरात ओरडला. "बॉबी," ॲर्लीन म्हणाली. "बॉबी," सुभाषनं दुरुस्त केलं.

दहावं नाव शेपटाकडच्या बंदूकवाल्याचं. "युलिस ब्यूचेस्ने!"

तो थांबला, कुणी चूक काढेल म्हणून. कुणी काढली नाही. त्यानं डेलकडे पाहिलं. डेलनं खांदे उडवले. मेन राज्यातल्या अनाथाश्रमातून आलेला पोरगा. मागे विचारायला कधी कुणी आलं नाही. फ्रेंच नाव असावं, इतकंच.

अनाथ, आणि सगळ्यांत मागे बसवलेला! सुभाषच्या डोक्यात नवा सिद्धांत उसळला. त्यानं तो गिळला. शहाणपण नव्हे हे. समोर ॲर्लीन बसली होती. मग त्यानं ते नाव पुन्हा म्हटलं, जरा वेगळं करून. मग आणखी एकदा, तिसऱ्या तऱ्हेनं. कुठलं तरी एक बरोबर असेल. डेलनं घंटा वाजवली.

पाटी आता बदलली आहे. तिचे रिव्हेट सुभाषनं मारलेत, आणि या वेळी डेलनं ते काढलेले नाहीत. तुम्ही ट्रॉयच्या बाजूला आलात तर एखाद्या शनिवारी या. दहाही नावं मोठ्यानं वाचा, मागचे ढकलू लागले तरी हलू नका. आणि शेवटच्या नावाचा खरा उच्चार तुम्हाला येत असेल, तर तिथे निळी टोपी घातलेला एक तिरसट म्हातारा असेल, त्याला तोंडावर सांगा. तो आधी भांडेल. तरीही सांगा.