अर्धा तास वाळू दे

ड्रॉइंगच्या मास्तरांना घरात सगळे भिंगरी म्हणत. नाव ताईनं ठेवलेलं. हा पाच मिनिटं एका जागी बसला तर पेढे वाटीन, असं ती म्हणे. पेढे कधी वाटावे लागले नाहीत.

आईचा एकच फोटो उरला होता, तोही काचेवर. तळहाताएवढी काळपट काच, तिच्यात सोळा वर्षांची आई, सगळी उलटी: केस पांढरे, चेहरा काळा. ताईनं ती कापसात गुंडाळून आणून दिली आणि स्टुडिओतून साधा फोटो करून आण, असं बजावलं. मास्तर स्टुडिओत गेलेच नाहीत. पूर्वी लोक कागदाला मीठ आणि चांदीचं पाणी लावून उन्हात फोटो छापत, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. ते डोक्यात शिरलं, ते निघेना.

आधी निळ्या छपाईचा प्रयोग झाला, फोटो निळाशार निघाला. "आईला थंडी वाजतेय का रे?" मध्येच आलेल्या ताईनं विचारलं. मग अंड्यातल्या पांढऱ्याचा झाला. घरानं आठवडाभर पिवळे बलक खाल्ले. मग मीठ-चांदी. बोटं काळी पडली, ती साबणाला दाद देईनात. न्हाणीघराची खिडकी पुठ्ठ्यानं बंद झाली, आत दोरीवर कागद वाळू लागले. सासरे खांद्यावर टॉवेल टाकून दाराबाहेर ताटकळत आणि जावई आत अभ्यासाला बसलाय, परीक्षा जवळ आलीय, असं शेजाऱ्यांना सांगत.

तीन महिने गेले. ताईनं कळवलं, रविवारी संध्याकाळी येते, फोटो घेऊनच जाईन.

रविवारी दुपारी मीठ-चांदी लावलेला कागद छान जमला. तो अर्धा तास वाळायला हवा होता. पण गॅलरीतलं ऊन समोरच्या इमारतीमागं सरकत होतं. मास्तर उठत, बघत, बसत, पुन्हा उठत. शेवटी कागदाच्या कोपऱ्याला बोट लावलं. वाळल्यासारखा वाटला. बायको थांबा म्हणेपर्यंत त्यांनी कागदावर काच ठेवली, दोन्ही लाकडी चौकटीत आवळून ती उन्हात धरली.

चौकट उघडली तेव्हा कागद काचेला चिकटला होता. दमट कागदातली चांदी काचेवर उतरली होती. आईच्या खांद्यावर तपकिरी डाग. पुसायला गेले तर काचेवरचा थरच सुटू लागला. त्यांनी हात मागं घेतला.

ताई आली. मास्तरांनी दारातच सांगून टाकलं. तिनं काच उजेडाकडे धरून डाग बघितला.

"किती थांबायचं होतं?"

"अर्धा तास."

"आणि तू?"

"दहा मिनिटं."

ताई मुक्कामाला राहिली. सकाळी नवा कागद न्हाणीघरात वाळत पडला. तिनं दारात स्टूल टाकलं, काच मांडीवर घेतली आणि भावाला समोर बसवलं. तो दोनदा उठला. दोनदा ती फक्त "बस" म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली, "आईसुद्धा अशीच. फोटोवाल्याच्या तीन काचा हलून वाया घालवल्या तिनं. ही चौथी."

मास्तर बसले.

गच्चीवरच्या उन्हात फोटो उतरला. धुऊन पक्का झाल्यावर खांद्यावर, काचेवरच्या डागाच्या जागी, पांढरा डाग राहिला.

"चेहरा वाचला," ताई म्हणाली. तिनं काच पुन्हा कापसात गुंडाळली आणि आपल्या पिशवीत घातली. मास्तर काच परत घ्यायला काळी बोटं पुढं करून उभेच होते.