कोपर आणि ठिगळ

१२ फेब्रुवारी १९९५, रविवार. थंडी ओसरली म्हणून रजयांच्या खोळी उसवायला घेतल्या होत्या. एक खोळ सकाळीच धुऊन झाली होती, दुसरी मांडीवर होती. खोळ टाचताना मी दोरा इतका पक्का घालते की हिवाळा संपल्यावर स्वतःलाच शिव्या द्यायची वेळ येते. दिल्लीच्या छावणीत आमच्या क्वार्टरमागे कपडे वाळत घालायची दोरी होती. तिलाच नेट समजून मुलगी व्हॉलीबॉलची सर्व्हिस मारत होती, आणि चेंडू काही दोरीपलीकडे जात नव्हता.

दुसऱ्या दिवशी स्पोर्ट्‌स हॉस्टेलची निवड चाचणी होती. यजमानांची बदली सीमेवर झाली होती. तिकडे कुटुंब नेता येत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये मी आणि मुलगी गावी जाणार होतो. गावात शाळा दहावीपर्यंत आणि पोरगी नववीत. हॉस्टेलात जागा मिळाली तर ती दिल्लीत राहून शिकली असती, खेळली असती. नाही मिळाली तर दहावीनंतर गावातल्या मुलीचं काय होतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझं तेच झालं होतं.

महिन्याभरापूर्वीपर्यंत तिची सर्व्हिस शाळेत कोणाला उचलता येत नव्हती. मग एका सामन्यात दोन चेंडू नेटमध्ये गेले आणि नेमके तेच तिच्या वडिलांनी पाहिले. हे रंगरुटांना कवायत शिकवणारे उस्ताद. फौजेत कवायत गिनतीने शिकवतात. साधा सॅल्यूटसुद्धा तुकडे करून. ‘एक’ म्हटलं की हात अर्ध्यात थांबतो, उस्ताद प्रत्येकाचं कोपर, पंजा, हनुवटी तपासतो, मगच ‘दो’. त्यांनी पोरीची सर्व्हिस तशीच सोडवायला घेतली. एकला पाय पुढे, दोला चेंडू वर, तीनला कोपर कानापाशी, चारला मनगट.

“कोपर बघ! कोपर पडतंय तुझं!”

“बघतेय बाबा.”

“बघतेस तर पडतं कसं? पुन्हा. एक!”

चेंडू मांडीवरच्या खोळीवर येऊन आदळला. मी तो परत फेकला.

“डावा-उजवा न कळणारी पोरं मी सरळ चालवलीत. तुला एक हात उचलता येईना?”

“ती पोरं पाय आपटतात, बाबा. मला चेंडू पलीकडे टाकायचाय.”

“मग टाक की! कोणी अडवलंय?”

“तुम्ही.”

ते वळून आत गेले. थोड्या वेळाने बुटांवर ब्रश घासल्याचा आवाज यायला लागला. चाचणीला जायचं म्हणून त्यांनी सुट्टी मागून घेतली होती, कपड्यांना इस्त्रीही करून ठेवली होती.

पोरगी चेंडू पोटाशी धरून उभी होती. मी म्हटलं, “कोपराचं विसर आता.”

“आई यार, तू विसर म्हटलंस की आणखी आठवतं. हात वर गेला की मला कोपरच दिसतं. आधी कसं जायचं तेच कळत नाही.”

ते खरं होतं. स्वेटर विणताना माझे हात चालू असतात आणि तोंडही. पण शेजारणीने ‘लोकर कुठल्या बोटावरून घेता?’ असं विचारलं की मी बोटांकडे बघते आणि टाका निसटतो. तेव्हा बोटं नाही, विणलेली पट्टी बघायची असते, किती लांब झाली ते. पण हे तिला समजावत बसले असते तर ती पाचवी गिनती झाली असती.

सकाळी धुतलेली लाल खोळ मी दोरीपलीकडच्या बाभळीवर टाकली. तिला एका कोपऱ्यात माझ्या जुन्या ब्लाउजचं हिरवं ठिगळ होतं.

“त्या ठिगळावर मार.”

“आणि कोपर?”

“ठिगळाच्या कुठे लागला तेवढं मला सांग. मला इथून दिसत नाही.”

दिसत होतं, पण असो. पहिला दोरीत गेला. दुसरा पलीकडे गेला. “खूप खाली,” ती म्हणाली. पुढचा, “डावीकडे.” मी मान खाली घालून दोरा उसवत होते आणि विचारत होते, “आता?” “वर.” “आता?” मग एकदा उत्तरच आलं नाही. ओली खोळ धप्पकन वाजली होती.

पाठोपाठ आणखी दोन बसले. तेवढ्यात हे हातात बूट घेऊन दारात आले, खरोखर खूश होऊन. “शाब्बास! बघ, आता कोपर बरोबर आलं!”

पुढचा चेंडू दोरीत गेला. त्याच्या पुढचाही.

संध्याकाळी ती दुकानात गेल्यावर मी सांगून टाकलं, “अहो, उद्या तुम्ही येऊ नका.”

“मी तोंडही उघडणार नाही.”

“तुम्ही गप्प उभे राहिलात तरी तिला गिनती ऐकू येईल.”

“एप्रिलनंतर मी कुठं असणार आहे तिचं बघायला?” ते म्हणाले. मी पोळ्या लाटत होते. त्या माणसाला जे उत्तम येत होतं तेच त्याने पोरीला द्यायला काढलं होतं. पण आता त्यांचं मन सांभाळायचं नव्हतं, पोरीला हॉस्टेलात जागा मिळवून द्यायची होती. ते जेवले नाहीत. पोरीने दोनदा विचारलं, बाबांना काय झालं. मी म्हटलं, पोट बिघडलंय.

सकाळी ते सुट्टी असून सायकल काढून परेड मैदानावर गेले. जाताना तिचे बूट पॉलिश करून दारात ठेवले होते. आम्ही बस पकडली. हॉस्टेलच्या मैदानावर पोचलो तेव्हा चाचणी सुरू व्हायला वेळ होता. कोर्टाच्या पलीकडच्या टोकाला जाळीचं कुंपण होतं. मी पिशवीतून लाल खोळ काढली आणि त्यावर पसरली.

चौकीदार धावत आला. “मैडम, यहाँ कपड़े नहीं सुखाते!”

“गीला है भैया, थोड़ी देर में उठा लूँगी.”

तो कुरकुरत गेला. खोळ तशी कोरडी होती. हिरवं ठिगळ कोर्टाकडे आलंय ना ते पाहिलं, चार चिमटे लावले आणि पोरीला दिसणार नाही अशा बाजूला जाऊन बसले.