रांगेतलं साधं पान

वर्षातून एकदाच मामा बूट घालून गच्चीवर जायचे. सर्वपित्री अमावास्येला.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या पाचोडकडं सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात. मी लग्न होऊन शहरात, छावणीच्या बाजूच्या या घरात आले तेव्हा मामांनी सत्तरी ओलांडली होती. तरुणपणी ते इंग्रजांच्या पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगरांत लढून आले होते. परत येऊन त्यांनी शेती केली, मग शहरात पहाऱ्याची नोकरी केली. पलटणीबद्दल ते फारसं बोलत नसत. जे काही होतं ते त्या एका दिवशी गच्चीवर मांडलं जायचं.

आधी घरच्या पितरांचं पान व्हायचं. ते माझे यजमान वाढत. मग मामा आतून बूट काढायचे. आदल्या दिवशीच घासूनपुसून ठेवलेले.

"पितरांपुढं चामड्याचे बूट घालून जातंय का कोणी?" आत्याबाई दर वर्षी म्हणत.

"हे पितर बुटातच गेलेत," मामा दर वर्षी उत्तर देत.

गच्चीवर ते सुतळी ताणून रेघ धरायचे आणि त्या रेघेवर मी पत्रावळी मांडायची. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक खडा. पानं आठ आणि जागा दहा. चौथी आणि पाचवी जागा रिकामी ठेवायची. पहिल्या वर्षी मी न कळून पानं सरकवून घेतली, तर मामांनी मला हात धरून थांबवलं.

"त्या जागा भरल्या नाहीत अजून. एक माझी हाय, एक खुलताबादवाल्याची."

तेव्हा मला समजलं की ही रांग म्हणजे त्यांची डोंगर चढतानाची रांग होती. कोण कोणाच्या मागं चालत होता, त्या क्रमानं. काही जण तिथंच राहिले, काही परत येऊन आपापल्या गावी म्हातारे होऊन गेले. ज्याच्या गावाहून पोस्टकार्ड येई, त्याचं पान त्याच्या जागेवर येई. शेवटी नाही.

प्रत्येक पान वेगळं होतं. स्वयंपाक एकच, खीर, कढी, वडे, गवार, भोपळा. पण पहिल्या पानासाठी सगळं अळणी वेगळं काढायचं. दुसऱ्यावर विडीचं बंडल आणि काडेपेटी. तिसऱ्याशेजारी पेलाभर कोरा चहा. मग दोन रिकाम्या जागा. सहाव्यावर भाकरी दुधात कुस्करून. सातव्यावर कारल्याची भाजी दुप्पट. आठव्यावर तिखटाचा कण नको, एक उकडलेला बटाटा. ते गोऱ्या साहेबाचं, एवढं मला मामांनी सांगितलं होतं. नवव्यावर फक्त भिजवलेले हरभरे आणि गूळ. आणि दहावं पान साधं. जे सगळ्यांना तेच, कमी नाही, जास्त नाही.

मग मामा लोटा घेऊन निघायचे. प्रत्येक पानाभोवती पाणी फिरवताना ते एक नाव घ्यायचे, अगदी ओठांतल्या ओठांत. मला ती कधी ऐकू आली नाहीत.

"मामा, मी लिहून ठेवू का नावं?" मी एकदा विचारलं.

"पाठ हायेत की."

"तुम्हाला आहेत. पुढं?"

ते हसले. "मास्तरीण झालीस म्हणून लगेच हजेरीपट?"

खरं तर मास्तरीण मला त्यांनीच केलं. लग्न झालं तेव्हा माझं बी.ए.चं दुसरं वर्ष चालू होतं. माझ्या माहेरी आई-वडिलांना सही येत नव्हती आणि सासरी कोणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आत्याबाईंना वाटायचं, झालं तेवढं पुष्कळ झालं. मामा म्हणाले, अर्ध्या डोंगरावरून कोणी परत येत नसतं. परीक्षेच्या दिवसांत ते मला केंद्रावर सोडायला यायचे आणि तीन-तीन तास समोरच्या लिंबाखाली छत्री गुडघ्यांत धरून ताठ बसायचे. मी बाहेर आले की विचारायचे, "सगळे सवाल लिव्हले?" पेपर कसा गेला ते नाही. सगळे लिहिले का, एवढंच. आज मी जे काही दोन शब्द लिहिते, ते त्या लिंबाखालच्या माणसामुळं.

खुलताबादवाले चाचा हे मामांच्या रांगेतले शेवटचे जिवंत सोबती. दर अमावास्येला ते एसटीनं यायचे. कावळ्यांचं झालं की दोघे गच्चीच्या सावलीत पाटावर बसून जेवायचे आणि एका शब्दानंही युद्धाबद्दल बोलायचे नाहीत. कोणाच्या आमटीत मीठ कमी, कोणाचे दात किती उरले, एवढंच. "भाभी, इतना खिलाते तो मैं मरूँगा कैसा?" ते आत्याबाईंना म्हणायचे. आत्याबाई म्हणायच्या, "मरा की, मी काय धरून ठिवलंय? आधी वडा संपवा."

मग एका वर्षी चाचा आले नाहीत. निरोप नाही, फोन लागेना. पुढच्या वर्षीही नाहीत. मामा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. दोघांनी धरून त्यांना गच्चीवर नेलं. त्यांनी बराच वेळ जिन्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "असता तर आला असता. वाढ त्याचं पान."

मी पाचव्या जागेवर पान वाढलं. चाचांना आवडायचे म्हणून चार वडे जास्त. मामांनी पाणी फिरवलं, पण ते नाव घेताना त्यांचा आवाज फुटला, आणि माझ्या कानावर पडलेलं रांगेतलं ते एकमेव नाव.

त्या हिवाळ्यात मामा गेले. जाण्याआधी काही दिवस त्यांनी मला एवढंच सांगितलं, "पानं चुकवू नको." मी हो म्हटलं. नावं विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं, तर तुम्ही जाणार आहात असं म्हटल्यासारखं झालं असतं.

पुढच्या अमावास्येला चौथ्या जागेवरही पान आलं. रांग भरली. मी लोटा घेऊन निघाले. मामांचं नाव घेतलं, चाचांचं घेतलं. बाकी आठ पानांभोवती नुसतं पाणी फिरवलं.

यजमान म्हणाले, "सर्वपित्री म्हणजे सगळ्यांचंच असतं. नावं लागत नाहीत."

त्यांचं शास्त्र बरोबर असेल. पण मी रोज सकाळी वर्गात हजेरी घेणारी बाई. ज्याचं नाव पुकारलं नाही ते पोर समोर बसलेलं असलं तरी गैरहजर लागतं. मामांनी मला माणसं सोपवली होती आणि मी त्यांना दोन वर्षं गैरहजर लावत होते. मी कोणाकडं जाणार होते? ज्यांना नावं माहीत होती ते सगळे त्या रांगेतच होते.

तिसऱ्या वर्षी शाळेची सहल दौलताबादचा किल्ला करून खुलताबादला गेली. पोरं दर्ग्याबाहेर चिंचा-बोरांवर तुटून पडली होती. मला वाटलं, निदान चाचांच्या कबरीवर दोन फुलं तरी ठेवावीत. वेशीजवळच्या किराणा दुकानात एक तरुण बाई होती. तिला मी नाव सांगून विचारलं, "यांची कबर कुठल्या बाजूला आहे हो?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. "कबर? वो तो अंदर चाय पी रहे."

ती त्यांची नातसून निघाली. पाय मोडला म्हणून चाचा काही वर्षं मुलीकडं परभणीला होते, नुकतेच परतले होते. मामा गेल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं, आम्ही तर त्यांनाच गेलेलं धरून बसलो होतो. बसमध्ये पोरं चढत होती, त्यामुळं मी दारातूनच पाया पडले आणि रविवारी येते म्हणून निघाले. बसमध्ये मला हुंदका आवरेना. पोरींना वाटलं, बाईंचं पाकीट हरवलं.

रविवारी यजमानांच्या मोटारसायकलवर गेले. सोबत डब्यात वडे. चाचा ओट्यावर उन्हात बसले होते, अगदी पिसासारखे झालेले. मामांचं ऐकून त्यांनी दोन्ही तळवे वर करून दुवा मागितली. मग मी पदर सावरून माझी चूक कबूल केली.

"चाचा, आम्ही तुमचं पान वाढलं. तीन वर्षं."

"मेरा?" त्यांनी डोळे मोठे केले. "क्या रखी उसमें?"

"चार वडे जास्त."

"तरीच!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "तीन बरस से अमावस कू भूकच नहीं लगती मेरे कू."

मी वही उघडली आणि नावं विचारली. पहिली दोन त्यांनी लगेच सांगितली, तिसऱ्याला अडखळले. कपाळ दाबून बसले. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, इथवर येऊन उशीर झाला की काय.

मग तेच म्हणाले, "ऐसा नक्को. तू पान वाढ. जैसा तेरा मामा वाढता था."

मी ओट्यावर बोटानं रेघ ओढली आणि पहिल्यापासून बोलायला लागले. अळणी. त्यांनी मान हलवून नाव सांगितलं. विडी. नाव आणि गाव. कोरा चहा. दोन जागा सोडल्या. कुस्करलेली भाकरी. "उसके दाँत वहींच गए, पत्थर पे गिरा था," आणि नाव. कारलं. बिनतिखटाचा साहेब, त्याचं नाव त्यांनी असं काही उच्चारलं की मी चारदा लिहून चारदा खोडलं.

"हरभरे आणि गूळ," मी म्हणाले. या पानाचा माणूस मी मनात कधीच रंगवून ठेवला होता. उंच, अबोल, माळकरी, उपास करणारा. त्याच्या पानापुढं मी जरा जास्तच वाकत असे.

चाचा हसायला लागले. इतके, की नातसून पाणी घेऊन धावत आली.

"बेटा, वो खच्चर था! खेचर! हमारा सारा बोजा वहीच उठाता था."

त्या खेचराचं नाव त्यांनी मला कानात सांगितलं. ते मामांनी ठेवलेलं होतं. मागं गावी राहिलेल्या त्यांच्या नव्या नवरीचं.

शेवटी मी म्हणाले, "साधं पान."

चाचांचं हसू ओसरलं. ते ओट्यावरच्या त्या न दिसणाऱ्या रेघेच्या टोकाकडं बघत राहिले.

"वो नवा था. शाम कू आया, सुबो चढाई हुई. रांग में सबके पीछे खडा किया. किसी ने नाम नहीं पूछा, बेटा. ऊपर जाके पूछेंगे बोले."

"मग मामा काय म्हणायचे पाणी फिरवताना?"

"मैं भी सुना नहीं. मैं तो फातेहा में 'नवा' बोलता."

म्हणजे खुलताबादलाही गेलेल्यांसाठी दुवा मागून ही माणसं जेवू घातली जात होती. मी वही मिटली. निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मेरी जगह खाली रखना. मैं आता, जल्दी नक्को करो."

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. खेचराचंही सांगितलं. लपवणं मला जमलं नसतं. आत्याबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या. हात थांबला.

"खेचराला माझं नाव?"

"व्हय, आत्याबाई."

"लई ओझं वाहायचं का ते?"

"सगळ्या रांगेचं, म्हणाले चाचा."

"मग बराबर हाय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर पदर डोळ्यांना होता. "मला म्हणायचे, तिकडं रोज तुला हाका मारत होतो. मला वाटायचं, थापा मारतेत."

त्या वर्षीचे हरभरे आत्याबाईंनी स्वतः भिजवले, आणि त्या असेपर्यंत ते काम कोणाला करू दिलं नाही. पाचवी जागा आम्ही रिकामी ठेवली. मी रांगेतून जाताना एकेक नाव मोठ्यानं घेतलं. शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवण सोडून बघत राहिली. मामा असते तर म्हणाले असते, आवाज हळू; पण मला हळू घेता येत नव्हतं. रिकाम्या जागेपाशी थांबून मी हसलेसुद्धा.

चाचांनी दोन अमावास्या ती जागा रिकामी ठेवली. मग नातसुनेचा फोन आला.

आता रांग पुरी आहे. नावं माझ्या वहीत आहेत आणि मुलीला पाठ आहेत. ती नावं मी इथं लिहीत नाही; ती पाण्याबरोबर घ्यायची नावं आहेत.

राहिलं ते दहावं पान. वर्गात नवं पोर आलं की पटावर नाव चढेपर्यंत मी खाली पेन्सिलीनं 'नवीन' लिहिते, पण संध्याकाळपर्यंत त्याला नाव विचारते, घरी कोण आहे विचारते, डब्यात काय आवडतं तेही विचारते. याला कोणी विचारलं नाही. म्हणून मी आता त्याचं पान साधं ठेवत नाही. दर वर्षी काहीतरी एक वेगळं ठेवून बघते. एका वर्षी पेरू ठेवला. एका वर्षी बाजरीचे उंडे. मागच्या वर्षी शेंगदाण्याची चटणी आणि कांदा ठेवला होता, तर कावळा बाकी सगळी रांग सोडून आधी तिथं उतरला, चटणीत चोच घातली आणि निघून गेला. आवडली की नाही, काही कळलं नाही.

यंदा धपाटे करणार आहे.