पाठीवरचं नाव आणि शकुंतलाताई

आमच्या प्रशिक्षक शकुंतलाताई गायकवाड, म्हणजे आमच्या बाई, यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते कसबा पेठेतल्या आमच्या कबड्डीच्या मैदानावर. मी अम्मीचा हात सोडायला तयार नव्हते. "नाव काय?" त्यांनी विचारलं. भीतीने माझ्या तोंडून शब्द फुटेना. "राहू दे. तू सात नंबर," म्हणून त्या पुढे गेल्या. बाईंच्या संघात आजही मुलींना नंबरानेच हाक मारतात आणि जर्सीवर नाव नसतं. आडनाव वाचलं की लोक खेळ सोडून जात बघू लागतात, असं त्यांचं रोखठोक मत. मला मात्र पाठीवर 'नसीम' असावं असं फार वाटायचं.

पुढे मी त्यांच्या हाताखाली मुलींना शिकवू लागले. मध्यंतरी हिंजवडीतल्या एका स्पर्धेत आयोजकांनी नावं छापलेल्या जर्सी दिल्या. मुली हरखून गेल्या. पहिल्याच सामन्यात कुणीतरी आमच्या सायलीचं नाव घेऊन अचकटविचकट ओरडू लागलं. सामना संपला तेव्हा जर्सीवरच्या नावावरून तिला सोशल मीडियावर शोधून कुणीतरी मेसेज टाकलेला होता, 'कुठे राहतेस ते कळलंय.' फाटकाशी उभा असलेला प्रत्येक पुरुष मला तोच वाटत होता.

बाईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतली चिकटपट्टी घेतली आणि सगळ्याच मुलींची नावं झाकली, सायली एकटी उठून दिसू नये म्हणून. आयोजक धावत आले.

"अहो बाई, नावाशिवाय प्रेक्षकांनी ओळखायचं कसं?"

"खेळावरून. आपण त्यासाठीच बोलावलंत ना?"

पोलिसांत तक्रार द्यायला सायलीबरोबर त्याच गेल्या. तो माणूस अजून सापडलेला नाही.

अंतिम सामन्याआधी सायली पाठ करून बाईंपुढे उभी राहिली. "बाई, पट्टी काढा. तो लपलाय, मी का लपू?"

बाईंनी पट्टीचं टोक दोनदा धरून सोडलं, मग ती काढली, पण नजर फाटकाकडेच होती. बाईंना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझा धीरच सुटला. सामना आम्ही हरलो म्हणे. मी तर प्रेक्षकांचेच चेहरे न्याहाळत होते.

तेव्हापासून सराव संपला की बाई सायलीला घरी पोचवायला जातात. पंच्याहत्तरी आली, गुडघे कुरकुरतात, पण ऐकतील तर शपथ. परवा मी म्हटलं, "बाई, आजपासून मी जाते."

"तूही चल," त्या म्हणाल्या. "परत येताना मला एकटीला भीती वाटते."

बाईंना उदंड आयुष्य लाभो आणि त्यांचे गुडघे शाबूत राहोत. त्या बरोबर नसतील तर सायलीच्या गल्लीतून चालायची हिंमत माझ्यात अजून नाही.