शेवटचा फर्मा

बाइंडरबाईंच्या पोटात दुखायला लागलं ते एका शब्दावरून. नात शाळेतून आली, चपला एका कोपऱ्यात आणि दप्तर दुसऱ्या कोपऱ्यात भिरकावलं आणि म्हणाली, "दूध नको मला, आजी वाट बघतेय."

आता आजी तर ओट्याशी दूध तापवत उभी होती. वाट बघणारी ही दुसरी आजी म्हणजे समोरच्या खोलीतल्या टायपिस्टबाई. परवापरवापर्यंत त्या नुसत्या 'बाई' होत्या. ही बढती त्यांना कधी मिळाली, आणि कुणाला विचारून?

बाइंडरबाई चौतीस वर्षं वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवत आल्या होत्या. हात असा, की त्यांनी शिवलेलं पुस्तक पुन्हा कधी त्यांच्याकडे परत आलं नाही. मुलगी नर्स, तिच्या पाळ्या चालायच्या, त्यामुळे नात सहा महिन्यांची असल्यापासून यांच्याच मांडीवर. पुठ्ठ्यांच्या चळतीला धरून ती उभी राहिली, दोऱ्याच्या रिळांशी खेळली, आणि एका जागी बसत नाही म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. आणि त्या समोरच्या बयेनं? एकदा तरी पोरीचं नाक पुसलं होतं का?

पण दहा वर्षांची भिंगरी रोज संध्याकाळी त्या दारात पळायची. टायपिस्टबाई एकट्या, ताठ कण्याच्या, आणि पोरीशी बरोबरीच्या माणसाशी बोलावं तशा बोलायच्या. दोघी मिळून एक रहस्यकथा वाचत होत्या. गावातल्या मोठ्या घड्याळाचे काटे चोरीला जातात आणि एक मुलगी आणि एक म्हातारा पोस्टमन चोराचा माग काढतात, अशी ती गोष्ट. नियम कडक होते. रोज एकच प्रकरण, पुढचं पान चोरून बघायचं नाही, आणि ज्याचा ज्याचा संशय येईल त्याचं नाव वहीत लिहायचं. जेवताना हिच्या तोंडी तेच. आजी म्हणते सोनार नसेल. आजी म्हणते घाई करू नकोस.

"मी वाचते की तुझ्याबरोबर," एकदा त्या म्हणाल्या.

"तू दुसऱ्या पानाला घोरतेस गं आजी."

हे खरं होतं, म्हणून तर जास्त लागलं.

मग एक दिवस तेच पुस्तक त्यांच्या हातात आलं. शिलाई उसवली होती. "दोनच प्रकरणं राहिलीत," भिंगरी म्हणाली. "आत्ता शिवून दे. आणि शेवट बघू नकोस!" बाइंडरबाईंनी वाचनालयातल्या खोलीत दार लोटून पुस्तक उलगडलं. पुस्तक फर्म्याफर्म्यानं शिवतात. फर्मा म्हणजे घडी घातलेली सोळा पानं. शेवटची दोन प्रकरणं नेमकी शेवटच्या फर्म्यात होती. त्यांनी तो फर्मा अलगद काढून मेणाच्या डब्याखाली सरकवला. शेवट नाही तर वाचन नाही, वाचन नाही तर समोरचं दार नाही. मग बाकीचं पुस्तक मेण लावलेल्या नव्या दोऱ्यानं शिवलं आणि कण्याला नवं कापड लावलं. गबाळं काम त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

झालं भलतंच. "आजी, शेवटच चोरीला गेलाय!" भिंगरी नाचतच आली. आता खरीखुरी चोरी मिळाल्यावर दोघींना आणखी काय हवं? सुट्टीच्या दिवशी सकाळपासून समोर बैठक. टायपिस्टबाई भिंग घेऊन वाचनालयापर्यंत आल्या, पुस्तक हातात तोललं, उघडमीट केलं, बाइंडरबाईंकडे एकदा बघितलं आणि परत गेल्या. बाइंडरबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड.

आठवड्यानं भिंगरी त्यांच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पहिल्यांदाच एका जागी.

"आजी, पानं कमी असली की तू पुस्तक शिवत नाहीस. 'अपूर्ण' अशी चिठ्ठी लावून परत पाठवतेस. मग हे कसं शिवलंस?"

बाइंडरबाई दोऱ्याला मेण लावत राहिल्या. दोऱ्याला मेण केव्हाच पुरेसं लागलं होतं.

"मी तिला नाही सांगितलं," भिंगरी हळूच म्हणाली. "वहीत उंदीर लिहिलं."

त्या दिवसापासून तिचं समोर जाणं थांबलं. टायपिस्टबाईंच्या डोळ्यांकडे बघवत नाही, म्हणाली. संध्याकाळ आता अख्खी बाइंडरबाईंची होती. पोर भिंतीकडे तोंड करून गणितं करायची, विचारलं तेवढं बोलायची. तीन संध्याकाळी बाइंडरबाईंनी हे जिंकलेलं घर बघितलं. आपण वाढवलेल्या पोरीला आपणच खोटं बोलायला लावलं, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली. चौथ्या संध्याकाळी त्यांनी फर्मा, दाभण, सुई आणि दोरा पिशवीत घातला आणि समोरचं दार वाजवलं.

"चोर मी आहे," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या.

"माहीत आहे. इतकी घट्ट शिलाई उंदीर घालत नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

"तिला तुमच्यामाझ्यात निवड करायला लागली असती." टायपिस्टबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "आणि खरं सांगू? रोज येऊन सांगायची, माझी आजी अशी शिवते, माझी आजी तशी गाठ मारते. मी आपली हसून ऐकायची. जळायची मनातून. मला कोण म्हणणार, माझी आजी?"

बाइंडरबाईंनी पुस्तक मागून घेतलं, टेबलाशी बसल्या आणि शिलाई उसवली. फर्मा जागेवर शिवला, शेवटची गाठ मारली आणि दारातून हाक दिली, "भिंगरे, ये. तुझी आजी वाट बघतेय."

कोणती, ते भिंगरीनं विचारलं नाही. धावत आली, पुस्तक बघितलं, दोघींकडे बघितलं.

"तू शेवट वाचलास?" तिनं बाइंडरबाईंना दरडावलं.

"वाचला."

"मग एक शब्द बोलायचा नाही!"

टायपिस्टबाईंनी चष्मा चढवला आणि वाचायला सुरुवात केली. ऐकता ऐकता भिंगरीनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. बाइंडरबाईंच्या पोटात दुखलंच, पहिल्याइतकंच. पण त्या उठल्या नाहीत. दुसरं पान उलटलं, तरी जाग्या होत्या.